मी नीट वाकडा होतो

मी एक जुना पत्त्यांचा कॅट आहे आणि मी खोटा नाही.

मित्रांनो, स्वतःची ओळख करून देताना असे कुणी म्हणत नाही, हे मला कळते. जुनी छत्री म्हणते, मी छत्री आहे, आणि सगळे मान डोलावतात. जुन्या घड्याळाला कुणी विचारत नाही की तू खरे की खोटे. माझे मात्र तोंड उघडायच्या आत नाव खराब झालेले असते. ट्रिकचा कॅट! लबाड कॅट! बनावट! म्हणून जे शेवटी सांगायचे ते मी आधीच सांगून टाकले. आता माझी हकिगत ऐका आणि खोटे कोण ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म इतर कॅटांसारखाच कारखान्यात झाला. चार राजे, चार राण्या, चार गुलाम आणि बाकीची प्रजा घेऊन मी डबीत बसलो. तिथून मी जादूचे सामान विकणाऱ्या एका दुकानात आलो. दुकानाच्या मागच्या खोलीत दुकानदार काका एका लाकडी साच्यात माझा एकेक पत्ता ठेवत आणि दोन्ही लांब बाजूंनी पात्याने किंचित छिलून काढत. पत्ता एका टोकाला होता तेवढाच रुंद राहायचा आणि दुसऱ्या टोकाकडे जरासा निमुळता व्हायचा. जरासा म्हणजे नखाच्या कडेइतका. डोळ्याला दिसता कामा नये आणि बोटाला कळला पाहिजे, एवढाच. एक पत्ता चुकला तर काका तो फेकून द्यायचे आणि दुसऱ्या कॅटातला तसाच पत्ता घेऊन पुन्हा कापायचे.

याचा उपयोग काय, तेही सांगतो. आता मी त्या कामात नाही, त्यामुळे गुपित फोडल्याचा आळ माझ्यावर येणार नाही. माझे सगळे पत्ते एकाच दिशेने लावलेले असत. समोरच्याने एक पत्ता ओढला आणि तो बघत असताना बाकीचा गठ्ठा हळूच फिरवला, की परत आलेला पत्ता उलट्या दिशेने बसतो. त्याचे रुंद टोक इतरांच्या निमुळत्या टोकात येते. मग मला कितीही पिसा. कडेवरून अंगठा आणि बोट ओढले, की नेमका तोच पत्ता हाताला लागतो.

मला सांगा, यात खोटे काय आहे? साधे कॅट यंत्रातून भसाभसा बाहेर पडतात. त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. माझ्या प्रत्येक पत्त्यावर एका माणसाने डोळे बारीक करून मेहनत घेतली. ज्याच्यावर मेहनत घेतली तो खोटा आणि ज्याच्यावर घेतली नाही तो खरा, हा कुठला न्याय?

दुकानाच्या काचेच्या कपाटात माझ्या शेजारी दोन कॅट होते. एकाचा दर दुसरा पत्ता किंचित आखूड होता आणि ते सगळे आखूड पत्ते म्हणजे बदामची सत्ती. एका तऱ्हेने फर्रकन पत्ते सोडले की तो साधा दिसायचा, दुसऱ्या तऱ्हेने सोडले की सगळीकडे सत्त्याच सत्त्या. त्याला त्याची मिजास फार. दुसऱ्याच्या पाठीवरच्या वेलबुट्टीत बारीक खुणा होत्या. तो दिवसभर गूढ चेहरा करून बसायचा. गिऱ्हाईक आले की काका आधी त्या दोघांना बाहेर काढत. मी आपला खालच्या फळीवर.

एके सकाळी दुकानात एक बाई आल्या. त्या एका हॉटेलात संध्याकाळी टेबलाटेबलापाशी जाऊन पत्त्यांची जादू करत. ही जादू सोपी नव्हे बरं का. ना मंच, ना पडदा, ना दिव्यांचा झगमगाट. बघणारा हातभर अंतरावर बसलेला असतो आणि तुमच्या नखाखालचा मळसुद्धा त्याला दिसतो. बाईंनी कित्येक वर्षे ही जादू साध्या कॅटावर, निव्वळ हातचलाखीने केली होती. पण आता त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे सांधेदुखीने आखडली होती. ती वाकत नव्हती आणि वाकली तर सरळ होत नव्हती.

"काका, ट्रिकचे कॅट दाखवा ना," बाई म्हणाल्या. 'ट्रिकचे' हा शब्द त्यांनी शेजारी कुणी ऐकेल की काय, अशा आवाजात उच्चारला.

काकांनी सत्तीवाल्याला काढले. "हा न्या. लोकांचे डोळे पांढरे होतील."

"आणि कुणी म्हणालं, बघू हातात, तर?"

"द्यायचा नाही हातात."

"अहो काका, मी जेवणाच्या टेबलाशी उभी असते. लोक घास चावता चावता हात पुढे करतात. नाही कसं म्हणू?"

मग खुणांवाल्याची पाळी आली. बाईंनी त्याला जवळ धरले, लांब धरले, खिडकीपाशी नेले. "याला चष्मा लागेल."

"मग लावा की चष्मा."

"समोरच्या माणसाकडे बघायचं सोडून मी पत्त्यांच्या पाठी वाचत बसू? ती जादू नाही, अभ्यास झाला."

काकांनी सुस्कारा टाकून मला खालच्या फळीवरून उचलले. "मग हा घ्या. याला कुणालाही हातात घेऊ दे, पिसू दे, काटू दे. फक्त अर्धा गठ्ठा फिरवू देऊ नका. पत्ते उलटसुलट लागले की मग त्यात काही राम नाही."

बाईंनी मला हातात घेतले. एक पत्ता फिरवून आत घातला, मला पिसले आणि कडेवरून अंगठा ओढला. पत्ता अलगद बाहेर आला. ती दोन आखडलेली बोटे नुसती बाजूला बसून होती, त्यांना काहीच करावे लागले नाही. बाईंनी पुन्हा केले. मग पुन्हा. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते मी आजतागायत विसरलेलो नाही. तिघांमधून बाईंनी मला निवडले होते, तेही नीट पारखून.

आणि काकांनी काय करावे? माझ्या डबीवर लाल शाईचा ठिपका दिला. "खऱ्या कॅटात मिसळायला नको," म्हणाले. ज्यांनी मला घडवले त्यांनीच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाईंच्या घरी त्या आणि त्यांचे यजमान असे दोघेच राहत. यजमान पुस्तकबांधणीचे काम करत. त्यांचे दुकान घराच्या खालीच होते. तिथे खळीचे डबे, दोऱ्याची रिळे आणि कागदाचा गठ्ठाच्या गठ्ठा एका दमात कापणारे मोठे यंत्र होते. माणूस सज्जन, पण एक खोड होती. वाकडी कड दिसली की त्यांना घास गोड लागत नसे. पावाचा तुकडासुद्धा ते सुरीने चौकोनी करून खात. पाहुण्यांच्या घरी गेले की भिंतीवरच्या तसबिरी सरळ करून येत.

बाईंनी त्यांना माझे गुपित सांगितले नव्हते. जादूगारांच्या मंडळाचा नियमच तसा होता. गुपित घरातही सांगायचे नाही. बाई नियमाच्या पक्क्या. संसाराला इतकी वर्षे झाली, पण यजमानांना वाटे की माझ्यात आणि कुठल्याही कॅटात फरक आहे तो फक्त त्या लाल ठिपक्याचा.

मी हॉटेलात काम करू लागलो. रोज संध्याकाळी लोक तोंडात बोटे घालत. "काय हात आहे बाईंचा!" असे म्हणत. माझे नाव कुणी घेत नसे. मी म्हटले, ठीक आहे, बाईंचा मान तो माझा मान. पण मंडळाच्या बैठकीत जे झाले ते मी कधी गिळू शकलो नाही.

त्या मंडळात एक वयस्कर जादूगार होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी एकदा मला उचलले, कडेवरून अंगठा फिरवला आणि सगळ्यांसमोर परत टेबलावर टाकले. "अरेरे! तुम्ही कुबडी धरलीत?" ते बाईंना म्हणाले. "हाताने होत नसेल तर जादू सोडावी माणसाने. ही लबाडी कशाला?"

बाईंनी मला घेऊन डबीत घातले. मी आतल्या आत धुमसत राहिलो. मास्तरांच्या नाकावर हा एवढा जाड चष्मा होता, ती काय कुबडी नव्हती? त्यांचे पुढचे दात कुठून आले होते, हे साऱ्या मंडळाला ठाऊक होते. त्या दातांनी ते खुशाल सफरचंद खात आणि त्याला लबाडी म्हणत नसत. दुखऱ्या बोटांच्या बाईंनी मला धरले की ती मात्र लबाडी! आपला तो सोन्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, दुसरे काय?

त्यातच माझ्या घरात चोरी झाली. यजमान एक जाडजूड पुस्तक वाचत होते आणि खूण घालायला त्यांना काही सापडेना. मी टेबलावर होतो. त्यांनी माझा वरचा पत्ता उचलून पुस्तकात घातला. किलवरची तिर्री! विचारले नाही, पुसले नाही.

"अहो, माझी तिर्री कुठंय?" बाई विचारायच्या.

"देतो गं. एवढं प्रकरण संपू दे."

प्रकरणे संपत गेली, पण तिर्री काही परत आली नाही. मी एकावन्न पत्त्यांनिशी काम रेटत राहिलो. हॉटेलात कुणी पत्ते मोजत नसे, म्हणून निभावले.

मग एक दिवस हॉटेलच्या मॅनेजरांनी बाईंना बोलावले. मास्तरांनी त्यांच्या कानात भरले होते की बाईंच्या हातात आता काही उरलेले नाही. "शुक्रवारी मास्तर इथे जेवायला येणार आहेत," मॅनेजर म्हणाले. "तुम्ही त्यांच्या टेबलावर करून दाखवा. त्यांना पटलं तर ठीक. नाहीतर आपण गाणारं कुणीतरी बघू."

घरी आल्यावर यजमानांनी खोदून खोदून विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "शुक्रवारी जमलं नाही ना, तर मी पत्ते कायमचे ठेवून देणार. पुन्हा हात लावणार नाही."

यजमानांना ते फार लागले. बायकोसाठी काहीतरी करावे, असे त्यांना मनापासून वाटले. मित्रांनो, मनापासून वाटलेल्या गोष्टींचीच मला धास्ती आहे. शुक्रवारी दुपारी बाई आत पडल्या असताना त्यांनी मला हातात घेतले, डोळ्यांसमोर आडवे धरले आणि कडेवर पट्टी लावली. जे मास्तरांच्या अंगठ्याला कळले ते यांच्या पट्टीला कळले.

"आई गं! किती झिजलाय हा," यजमान हळहळले. "असल्या वाकड्या कॅटावर ती बिचारी काय जादू करणार?"

झिजलाय? वाकडा? अहो, मी नीट वाकडा होतो! हातांनी, साच्यात धरून, मोजूनमापून वाकडा केलेला! पण मला आवाज कुठला? त्यांनी मला खाली नेले, त्या मोठ्या यंत्रात दाबून धरले आणि पाते खाली आले. एक बाजू झाली. मग मला फिरवले, दुसरी बाजू झाली. माझे रुंद टोक गेले आणि सगळा मी माझ्या निमुळत्या टोकाएवढा झालो. अगदी सरळ. कडांवरून हात फिरवून यजमान खूश झाले. माझे सारे आयुष्य, माझी सारी हुन्नर त्या यंत्राखाली कपटे होऊन पडली होती आणि ते गृहस्थ शीळ घालत होते.

वर आल्यावर त्यांना तिर्री आठवली. कधी नव्हे ती त्यांनी पुस्तकातून काढली आणि माझ्या डबीत सरकवली. तिला कापायचे त्यांच्या लक्षातच आले नाही. बाईंना त्यांनी काही सांगितले नाही. म्हटले, हातात घेतल्यावर तिला कळेलच.

कळले की! हॉटेलात, मास्तरांच्या टेबलाशी उभ्या राहून बाईंनी डबी उघडली आणि मला हातावर घेतले, तेव्हा त्यांचा अंगठा माझ्या कडेवरून एकदा फिरला. मग पुन्हा फिरला. त्यांच्या तळहाताला एकदम घाम फुटला, तो माझ्या खालच्या पत्त्याला लागला. चेहरा मात्र त्यांनी हसरा ठेवला. मी तळमळत होतो. माझ्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी.

"बघू जरा कॅट," मास्तरांनी हात पुढे केला. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी मला घेतले, अर्धा गठ्ठा उचलला आणि मॅनेजरांकडे बघून डोळा मारत तो फिरवून परत माझ्यात मिसळला. मित्रांनो, काकांनी ज्याची भीती घातली होती ते हेच. मी पूर्वीचा असतो तर तिथेच माझा निकाल लागला असता. मास्तरांनी मग कडेवर अंगठा ओढला. काही लागले नाही. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा ओढला.

"काय झालं?" मॅनेजरांनी विचारले.

"काही नाही." मास्तरांचा चेहरा उतरला होता. "साधाच कॅट आहे हा."

त्यांनी मला परत दिले. बाई डबी बाजूला ठेवायला गेल्या तर आत काहीतरी हलले. माझी तिर्री! ती माझ्याहून रुंद राहिली होती, म्हणून डबीत घट्ट बसली होती आणि माझ्याबरोबर बाहेर पडली नव्हती. बाईंनी ती काढून माझ्या अंगावर टेकवली. अंगठ्याखाली तिचे एक टोक दोन्ही बाजूंना नखाच्या कडेइतके बाहेर आले. बाईंनी ते टोक पुन्हा एकदा चाचपले. काय घडले आहे ते त्या एका क्षणात त्यांना सगळे उमगले, हे मला त्यांच्या हातावरून कळले.

"एक पत्ता डबीतच राहिला की," बाई म्हणाल्या आणि सगळ्यांच्या देखत तिर्री माझ्या तळाला ठेवली. तिच्याकडे कुणी बघितलेसुद्धा नाही.

"घ्या मास्तर, हवा तो पत्ता घ्या. बघितलात? आता सगळ्यात वर ठेवा. काटा. अजून काटा. मन भरेपर्यंत काटा."

मास्तर काटत राहिले. त्यांना काय ठाऊक की पहिल्यांदा काटल्याबरोबर तळाची तिर्री त्यांच्या पत्त्याच्या डोक्यावर जाऊन बसली होती? मग कितीही काटले तरी ती तिथून हलणार नव्हती. बाईंनी टेबलावरचा रुमाल उचलून हातावर टाकला आणि मला त्याखाली धरले. त्या एकदाही खाली बघत नव्हत्या, सरळ मास्तरांच्या डोळ्यांत बघत होत्या. रुमालाखाली त्यांचा अंगठा माझ्या कडेवरून आला, तिर्रीपाशी अडला आणि त्यांनी तिच्यासकट वरचा गठ्ठा उचलला. खालचा पहिला पत्ता त्यांनी मास्तरांच्या ताटाशेजारी पालथा ठेवला.

"उघडा. तुम्हीच उघडा."

इस्पिकचा गुलाम. मास्तर त्या गुलामाकडे बघतच राहिले. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मॅनेजर म्हणाले, "बाई, पुढच्या आठवड्यापासून आणखी दोन टेबलं वाढवू या आपण."

आणि मास्तर काय म्हणाले, ऐका. "बघा! मी म्हणत नव्हतो? कुबडी टाकली आणि जमलं की नाही?"

म्हणजे शेवटी कौतुक झाले ते माझ्या नसण्याचे! संतापाने माझे चारही राजे लाल झाले. एवढेच बरे की बाई त्यांना शांतपणे म्हणाल्या, "हो ना. कॅट आमच्या ह्यांनी घरी जरा नीट करून दिला."

घरी यजमान दार उघडून उभेच होते. "सरळ लागला ना हाताला?"

बाईंनी पिशवी ठेवली, खुर्चीत बसल्या, आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मंडळाचा नियम मोडला आणि यजमानांना सगळे सांगितले. यजमानांनी डोक्याला हात लावला.

"अगं, मग आधी सांगायचं नाही का मला?"

"आणि तुम्ही आधी विचारायचं नाही का मला?"

 मला वाटले, आता तरी माझी कुणी माफी मागेल. कुणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे मिळून काकांच्या दुकानात गेले. एका तिर्रीवर एखादी संध्याकाळ निभावते, रोजचे काम निभावत नाही, हे बाईंना माहीत होते. मी पिशवीत होतो. काकांनी माझ्यासारखाच नवा कॅट काढून दिला. या वेळी तो यजमानांनी पारखला. त्यांनी खिशातली पट्टी काढून एकेक कड तपासली आणि मान हलवली. "वा! काय नीट वाकडा कापलाय हो!"

मी इतकी वर्षे ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य असे दुसऱ्याच्या वाट्याला गेले. नव्या कॅटावर माझा राग नाही. तो रोज बाईंबरोबर हॉटेलात जातो आणि त्याच्या डबीवर बाईंनी काकांना लाल ठिपका देऊ दिला नाही. तेवढे माझ्यामुळे झाले, असे मी समजतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी असेल जो तुम्हाला वाकडा वाटतो. एखादी खुर्ची असेल, एखादा शेजारी असेल, नाहीतर तुमचा भाऊच असेल. त्याला पात्याखाली घालण्याआधी एकदा विचारा, बाबा रे, तू असा का आहेस? आणि कुणी काठीला, चष्म्याला, कवळीला किंवा माझ्यासारख्या कॅटाला धरून उभा राहत असेल, तर त्याला उभा राहू द्या. एवढीच माझी हात जोडून विनंती आहे.

मी आता यजमानांकडे असतो. दुपारी काम नसले की ते माझ्यावर एकट्याने लावायचा डाव लावतात. आता मी अगदी सरळ आहे. जगातल्या कुठल्याही कॅटाइतका खरा आहे. पण डाव कधी सुटत नाही, कारण माझी किलवरची तिर्री पुन्हा त्यांच्या पुस्तकात गेली आहे. आणि डाव सुटत नाही म्हणून हे सज्जन गृहस्थ दाराकडे बघतात, बाई येत नाहीत ना याची खात्री करतात आणि हळूच पालथे पत्ते उचलून बघतात.

आणि खोटा म्हणे मी!